कुंपणाबाहेरची फुलं

लातुरात फुलं तोडणाऱ्यांचा एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण पहाटे पाचला हातात कॅरीबॅग घेऊन निघालेल्या प्रत्येक माणसाला तो पाठ असतो. कंपाउंडच्या आतलं फूल घरमालकाचं, भिंतीवरून बाहेर आलेलं फूल देवाचं. आत हात घालायचा नाही, फांदी ओढायची नाही आणि झाड ओरबाडून मोकळं करायचं नाही. एखादं तरी फूल झाडावर ठेवायचं. हा कायदा मी चौतीस वर्षं पाळला. कुत्री अंगावर आली. एका रिटायर्ड साहेबानं गॅलरीतून बादलीभर पाणी ओतलं. एका बाईनं तर मी हात लावू नये म्हणून जास्वंदीवर धुणं वाळत घालायला सुरुवात केली. पण मी हटलो नाही. "फांदी बाहेर हाय, मालक," एवढंच म्हणायचं आणि पुढं चालू लागायचं.

ही फुलं माझ्यासाठी नसायची. आम्ही लिंगायत, गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं आणि रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची असते. माझी पूजा दोन मिनिटांची. पाणी घातलं, भस्म लावलं, नमस्कार केला, की चाललो दुकानाला. फुलं लागायची बायकोला. तिच्या माहेरी, उदगीरला, पूजेला अर्धा तास बसायची रीत, आणि त्या अर्ध्या तासात तोंडातून अक्षर काढायचं नाही. लग्न होऊन ती आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या आईनं फर्मान काढलं, "नवी नवरी सक्काळी सक्काळी गल्लीत फिरणार न्हाई. फुलं तू आणत जा." पुढं आई गेली, नवरी साठीला आली, फर्मान काही कुणी मागं घेतलं नाही.

खरं सांगू का, मलाही ते सोयीचं होतं. आमच्या गल्लीत नवऱ्यानं बायकोसाठी फूल नेलं तर पानटपरीला आठवडाभराचा खुराक. लग्नाच्या वर्षी मी एकदाच, गंजगोलाईच्या बाजारात, मोगऱ्याचा गजरा घेतला होता. पुडी खिशात घालेपर्यंत एक ओळखीचा व्यापारी समोर उभा. "काय हो, आज काय विशेष?" मी म्हणालो, "काय न्हाई, देवाला हाय." आणि घरी जाऊन तो गजरा खरंच देवाला घातला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि पोळ्या लाटायला आत गेली. असा मी शूर माणूस.

धंदा म्हणाल तर औषधाचा. माणसांच्या नव्हे, पिकांच्या. चाकूरला माझं खता-बियाणांचं दुकान होतं आणि त्यातला सगळ्यात चालणारा माल म्हणजे तणनाशक. सोयाबीन हातभर झालं की शेतकरी यायचा, "लई तण झालंय, काहीतरी जालीम द्या." मी द्यायचो. केना, हरळी, कुंदा, गाजरगवत, माझ्या हातून किती गेलं असेल त्याची गणती नाही. आणि बायको कोण? तर ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी मॅडम. सगळं लातूर तिला मॅडम म्हणायचं, भांडणात मीही म्हणायचो. मी दिवसभर जे मारायचो त्याची ती दिवसभर नावं पाठ करून घ्यायची. जेवताना यावरून आमची जुंपायची. "तण हे नाव तुम्ही ठेवलंत, त्या झाडाला विचारलंत का?" असं ती म्हणायची. मी म्हणायचो, "तू विचारून सांग, तुझी ओळख हाय."

तर या मॅडमचा एक धडा होता, एकाच जागेला चिकटून राहणाऱ्या वनस्पतींचा. त्यात ती एका पांढऱ्या फुलाचं उदाहरण द्यायची. सगळ्या पृथ्वीवर ते एकाच बेटावर उगवतं, आणि त्या बेटावरही एकाच टेकडीवर. स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात, शेटलंड नावाची बेटं आहेत, त्यातल्या अगदी उत्तरेकडच्या बेटावर. तिला तिच्या सरांनी ते फळ्यावर काढून दाखवलं होतं, तिनं एकतीस वर्षं पोरांना काढून दाखवलं. पांढरा खडू, पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला खाच. रिटायर व्हायच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही पाह्यलं का हे?" ती म्हणाली, "नाही." वर्ग हसला. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. "एकतीस वर्षं मी ऐकीव गोष्ट शिकवली हो," एवढंच म्हणाली.

निरोप समारंभाची शाल अंगावर असतानाच तिनं मला सांगितलं, "मला ते फूल बघायचंय. फोटोत नाही, पुस्तकात नाही. जमिनीतून उगवलेलं, मुळासकट उभं असलेलं, माझ्या डोळ्यांनी. एकदाच." चौतीस वर्षांत तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणालो. पण ते फूल दिसतं तरी कसं, चित्र दाखव, असं काही मी म्हणालो नाही. त्या दिवशीही नाही आणि आधीच्या चौतीस वर्षांतही नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलं तर सगळे चाट. कुणी काशीला जातं, कुणी केदारला. आम्ही तण बघायला. मेव्हणा म्हणाला, "फुलंच बघायची तर कासला जावा की, एसटी जाते." मी म्हणालो, "तिथं बायकोची ओळख न्हाई."

आमची लेक स्कॉटलंडात नोकरीला आहे. तिनं आम्हाला फुलं बघणाऱ्या एका ग्रुपमध्ये घुसवून दिलं. दोन विमानं, एक रात्र जहाज, मग दोन छोट्या होड्या ज्यांत बससकट चढायचं, असं करत करत आम्ही जूनअखेरीला त्या शेवटच्या बेटावर पोचलो. वारा असा की तोंड उघडलं तर शब्द मागच्या माणसाला ऐकू जावेत. झाड औषधालासुद्धा नाही. ग्रुपमध्ये आम्ही दोघं धरून आठ म्हातारी माणसं आणि गाईड म्हणून गमबूट घातलेली एक उंच बाई. ही सगळी मंडळी रस्त्याच्या कडेला गवत दिसलं की पालथी पडायची आणि डोळ्याला भिंग लावायची. ज्याला आमचा शेतकरी शिव्या घालतो त्याला हे लोक लोटांगण घालत होते. त्यांत आमच्या मॅडमही. गळ्यात लिंगाची डबी आणि तिच्या शेजारी दोरीला बांधलेलं भिंग. मी एकटा उभा असायचो, फवारणीचा पंप घरी विसरून आलेल्या माणसासारखा.

आणि ती टेकडी! बसमधून गाईडनं दाखवली तेव्हा मला हसू आवरेना. नुसता मुरूम. बरड, खडकाळ, गवताची काडी नाही. मी म्हणालो, "अगं, हे तर आपलं अहमदपूरच्या पुढचं माळरान! यासाठी एवढा समुद्र ओलांडला होय?" ती खिडकीच्या काचेला नाक लावून बघत होती. माझं हसू तिथंच मावळलं.

पहिल्या संध्याकाळी गाईडनं नियम सांगितले. माझं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं, पण मुद्दा समजला. टेकडीला तारेचं कुंपण आहे, तिथलं कुठलंही फूल तोडायचं नाही. मी मान डोलावली. आमचाही कायदा तोच की! आतलं ते मालकाचं. आणखीही ती बरंच काही बोलली असणार, पण माणूस आपल्या कायद्यात बसेल तेवढंच ऐकतो. टेकडीवर जायचं पहिल्या दिवशी ठरलं होतं. पहिल्या दिवशी गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं बसचं दार उघडेना. राहिला तिसरा दिवस. चौथ्या दिवशी सकाळी परतीची होडी.

बायकोची काय अवस्था झाली होती ते मी बघत होतो. ती कुणाला दाखवत नव्हती, पण जेवणाच्या ताटात बोटं नुसती फिरत होती. त्यात पूजेची तऱ्हा. लातुराहून वहीत दाबून आणलेली बेलाची सुकी पानं होती, एकेक करून ती जपून वापरत होती. फूल मात्र एक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवर बसून बघत होतो. लिंगावर पाणी घातलं, भस्म लावलं, आणि तिचा उजवा हात सवयीनं बाजूला गेला, जिथं घरी फुलांची वाटी असते तिथं. तिथं आम्ही उतरलो होतो त्या बोर्डिंगचा गालिचा होता. हात तसाच थोडा वेळ थांबला आणि परत आला. मला ते बघवलं नाही. घरी चौतीस वर्षांत त्या हाताला तिथं फूल मिळालं नाही असा दिवस मी येऊ दिला नव्हता. ताप असो, दंगल असो, मुलीचं लग्न असो.

तिसऱ्या दिवशी पाचला माझे डोळे उघडले. बाहेर लख्ख ऊन. त्या मुलखात उन्हाळ्यात अंधार पडतच नाही म्हटलं तरी चालेल. बायको झोपली होती. मी सुटकेसमधून लातूरच्या साडीच्या दुकानाची कॅरीबॅग काढली, बूट घातले आणि निघालो. बोर्डिंगपासून टेकडी अर्ध्या तासावर. वाटेत पिवळी फुलं होती, जांभळी होती, पण शंकराला पांढरं लागतं. चालत चालत कुंपणापाशी आलो. तारेच्या आत मुरूम, बाहेर, रस्त्याच्या बाजूलाही तसाच मुरूम. आणि त्या बाहेरच्या मुरमात, दगडांच्या बेचक्यात, चार पांढरी फुलं. बंद्या रुपयाएवढी. आपल्या तगरीची धाकटी बहीण म्हणावी अशी. मी तार नीट पाहिली. फुलं बाहेर. मनात म्हणालो, "फांदी बाहेर हाय, मालक." तीन तोडली, एक ठेवलं. कायद्याप्रमाणं.

परत आलो तोवर ती आंघोळ करून पूजेला बसली होती. बोर्डिंगच्या बशीत फुलं ठेवली आणि तिच्या उजव्या हाताशी सरकवली. काय सांगू, काय रुबाबात सरकवली! तिचा हात सवयीनं बाजूला गेला. फूल बोटांत आलं. तिनं ते वर उचललं आणि थांबली.

डाव्या हातावर लिंग, उजव्या हातात फूल. ते फूल तिनं लिंगावर वाहिलं नाही. डोळ्यांजवळ नेलं. खाली ठेवलं, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, पुन्हा उचललं. ओठ हलत होते, पाकळ्या मोजत होती. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, खूश झाली. मी तर म्हणणार होतो, बघ, साता समुद्रापलीकडंसुद्धा तुझी फुलं चुकली न्हाईत. पण पूजेत बोलायचं नसतं. हा नियम ज्यानं केला त्याला माझा साष्टांग दंडवत, नाहीतर त्या बोर्डिंगातल्या गोऱ्या लोकांनी त्या सकाळी उदगिरी मराठी ऐकली असती.

तिनं पूजा आटोपती घेतली, लिंग डबीत ठेवलं आणि विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"कुंपणाच्या भाईर होतं," मी म्हणालो. "आत हात घातला न्हाई."

"हेच ते."

"हेच कुठलं?"

"मी बघायला आले ते."

 जन्मभर तण मारलं, ते दुसऱ्याच्या रानातलं. आणि हिला आयुष्यात एक फूल जमिनीत उभं बघायचं होतं, ते मी देठातून खुडून बशीत घालून तिच्यापुढं ठेवलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडं बघत बसली.

"एक ठेवलंय," मी म्हणालो. "झाडावर एक ठेवलंय."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं आणि बूट शोधायला लागली.

आम्ही त्या रस्त्यानं कसे गेलो ते विचारू नका. तिचा गुडघा दुखतो, मला दम लागतो, आणि वारा छातीवर हात ठेवून मागं ढकलत होता. वळणावर आलो तर कुंपणाजवळ दहा-बारा मेंढ्या. नेमक्या तिथंच. एकीची मान खाली गेलेली. मी चाकूरच्या बाजारात सुद्धा कधी ओरडलो नव्हतो असा ओरडलो, "हर्र! हर्र! हट्, तुझ्या मायला!" आणि कॅरीबॅग हवेत फिरवत धावलो. साठी उलटलेला माणूस मेंढ्यांवर धावून गेला. मेंढ्यांनी मान वर केली, माझ्याकडं जरा तुच्छतेनं बघितलं आणि चालत्या झाल्या.

फूल होतं. एकच, वाऱ्यात थरथरत.

ती त्या मुरमावर पालथी पडली. दगड टोचत असणार, पण तिला त्याचं भान नव्हतं. मी वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो आणि रेनकोटची दोन्ही टोकं पसरून धरली. फूल स्थिर झालं. तिनं भिंग लावलं. बारकी, काळपट जांभळी पानं, त्यांवर लव, आणि वर ती पाच पाकळ्यांची पांढरी गोष्ट. शेजारी माझ्या नखानं तुटलेले तीन देठ. मी दुसरीकडं बघायला लागलो. कितीतरी वेळ ती तशीच होती. हात भरून आले माझे.

शेवटी ती म्हणाली, "फळ्यावर मी पाकळ्या फार मोठ्या काढत होते."

दहा वाजता सगळा ग्रुप गाईडसोबत तिथंच आला. आम्हीही त्यांत निमूट उभे. गाईड म्हणाली की परवाच्या गारांनी टेकडीवरची उमललेली फुलं झोडपून काढली आहेत, पण काल तिनं इथं बाहेरच्या बाजूला चार शाबूत पाहिली होती. मग ती वाकली आणि तिचा चेहरा उतरला. "मेंढ्या," ती म्हणाली. सगळ्यांनी मेंढ्यांना नावं ठेवली. मीही मान हलवली. माझं बिल मेंढ्यांवर फाटतंय, त्यांना बोलता येत न्हाई ते बरं, असं मनात म्हणालो. आणि लगेच शेजारून आवाज आला, मागच्या बाकापर्यंत जाणारा, वर्गातला, स्वच्छ इंग्रजीत.

"मेंढ्या नाहीत. माझे मिस्टर."

आठ माणसं आणि एक टेकडी माझ्याकडं बघायला लागली. मी मराठीत म्हणालो, "अगं बाई, गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "एकतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलंय." आणि कागदाच्या घडीत ठेवलेली ती तीन फुलं तिनं गाईडच्या हातात दिली.

गाईड ओरडली नाही. तेच तर वाईट. तिनं घडी उघडून पाहिली, पुन्हा मिटली, आणि बसमधून एक फॉर्म आणला. टेकडीची राखण करणाऱ्या लोकांकडं तो जमा करायचा होता. कुठलं फूल, किती, कुठून, कुणी तोडलं. शेवटचा रकाना होता, कशासाठी. मी बसच्या पायरीवर बसून सगळं भरलं आणि त्या रकान्यात माझ्या बाटलीवरच्या इंग्रजीत लिहिलं, देवासाठी. दुसरं काय लिहिणार? लातुरात चौतीस वर्षं हेच उत्तर चाललं होतं. तहसिलीतल्या साहेबापासून पानटपरीपर्यंत सगळ्यांना पटलं होतं.

बायको बाजूला उभी राहून वाचत होती. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं. देवासाठी हा शब्द एका आडव्या रेघेनं खोडला, पेपर तपासताना खोडतात तसा, आणि वर काहीतरी लिहिलं. मी चष्मा लावून पाहिलं. तिनं लिहिलं होतं, बायकोसाठी.

"अगं, पूजेची फुलं ती," मी म्हणालो. "देवाचीच की."

"गजरा देवाला घातलात, तेव्हापासून गप्प आहे मी," ती म्हणाली. "पण हा फॉर्म आहे. ह्यात खोटं लिहायचं नसतं. करा सही."

गाईड वाट बघत होती. बसमधल्या म्हाताऱ्या खिडकीतून वाकून बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि वारा होता म्हणून कुणाला काही सांगावं लागलं नाही. मी पेन घेतलं आणि खाली सही केली.